सिग्नल गेला!

कर्नाळ्याच्या सुळक्यासमोर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कापणी झालेल्या भातखाचरात माझं पहिलं रिमोटचं विमान नाकावर आपटलं. वीस पावलांवर एक काकू पेंढा गोळा करत होत्या. मी म्हणालो, "सिग्नल गेला."

या छंदातली ही जुनी सबब. एकेकाळी ती खरीही असायची. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' हे मॉडेल रेडिओवर उडवलं. पुढे कित्येक वर्षं सेटची फ्रिक्वेन्सी क्रिस्टलवर ठरायची. मैदानात दुसऱ्या कुणी त्याच चॅनलचा ट्रान्समीटर चालू केला, की हवेतलं विमान गेलंच. म्हणून क्लबांमध्ये फळी असायची. आपल्या चॅनलची क्लिप हातात आल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही.

मग २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले. ते एकमेकांना टाळून चालतात, त्यामुळे फळी गेली. विमानं मात्र पडतातच. सर्वो अडकला, करंट वाढला, व्होल्टेज घसरलं, की रिसीव्हर रीस्टार्ट होतो. ऑफिसात सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत चहा होतो. हवेत तेवढा वेळ नसतो.

घरी उघडून पाहिलं. बॅटरीच्या कनेक्टरचं सोल्डरिंग सुटलं होतं. ते मीच केलं होतं.

आता उडवण्याआधी प्रत्येक वायर ओढून बघतो. आणि आसपास कुणी काम करत असेल, तर विमान पिशवीतच राहतं.