लॅमिनायटिस (घोड्यांतील)

घोड्याच्या खुराचे कवच आतील हाडाला धरून ठेवणाऱ्या नाजूक पडद्यांचा दाह. अति धान्य, अडकलेली वार, इन्शुलिनचा बिघाड ही प्रमुख कारणे. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो. खूर तापतो, नाडी ठणकते. इन्शुलिन बिघडलेल्या घोड्यांत थंडीने खुराचा रक्तपुरवठा घटून वेदना बळावते, असे मानतात. तेव्हा खूर गार लागू शकतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हिवाळा सौम्य, म्हणून तेथे थंडीपेक्षा खुराक सांभाळणे महत्त्वाचे. महाबळेश्वरात मात्र हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी कधीकधी दव गोठते. तेथे झूल, पायांना पट्ट्या, पेंढ्याचा जाड बिछाना आणि कोमट पाणी द्यावे. वाळलेले गवत भिजवून निथळल्यास त्यातील साखर घटते. लंगडणारा घोडा चालवू नये. तातडीने पशुवैद्यकाला दाखवावा.