व्हिसा न लागणारा युरोप

मंडळी, युरोपातला राजवाडा बघायचा आणि तिथेच शाही जेवण करायचं, असा बेत असेल तर आम्हा नांदेड-लातूरकरांना व्हिसाची गरज नाही. हैदराबाद गाठायचं!

तिथला फलकनुमा महाल पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली बांधायला घेतला. थाट पक्का युरोपीय. इटालियन संगमरवर आणि एका वेळी १०१ माणसं बसतील असं जेवणाचं टेबल! खर्च एवढा झाला, की अखेर महाल सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला.

आता आमच्या बाजूचा हिशेब. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. जहागीर असो की सरकारी मुलूख, पैसा यायचा तो मुख्यतः शेतसाऱ्यातून. १८९९-१९०० च्या दुष्काळात इथली माणसं अन्नाला मोताद झाली, तेव्हाही तो महाल दिमाखात उभा होता.

२०१० पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. जरूर जा, ऐपत असेल तर जेवाही. फक्त पाहुण्यासारखं बुजू नका. आपल्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्याची पावती बघायला आलोय, असं समजा.