इको, कॅथेटर आणि रायपूर

मध्य भारतातील वैद्यकीय सोयींच्या इतिहासात रायपूरचे स्थान दीर्घकाळ दुय्यम राहिले. आधी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्य प्रांतात मोडणाऱ्या छत्तीसगडचा कारभार नागपुरातून चाले, आणि वैद्यकीय शिक्षणाचीही तीच वाट होती: नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले, तर रायपूरला स्वतःचे महाविद्यालय १९६३ साली मिळाले. जन्मजात हृदयदोष, म्हणजे गर्भातच हृदयाची घडण अपुरी किंवा चुकीची राहिल्याने उद्भवणारा विकार, दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांत आढळतो. परंतु त्यावरील उपचारासाठी छत्तीसगडच्या कुटुंबांना नागपूर, मुंबई, वेल्लोर किंवा १९९१ पासून विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे पुट्टपर्तीचे रुग्णालय गाठावे लागे. २०१२ साली नव्या रायपुरात श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय उभे राहिले आणि नोव्हेंबर २०१४ पासून ते केवळ बालहृदयरुग्णांसाठी राखले गेले. पैसे भरण्याची खिडकीच नसलेल्या या रुग्णालयाची खारघर येथील शाखा मराठी वाचकांना अधिक परिचित असेल, कारण तेथील मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च सुनील गावसकर यांनी वेळोवेळी उचलला आहे.

हा उपचार रायपुरात पोहोचेपर्यंत त्याचे स्वरूप मात्र पालटले होते. छाती न उघडता, जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयापर्यंत नेऊन अनेक दोष दुरुस्त करता येऊ लागले होते, आणि त्या नळीला दिशा दाखविण्याचे बरेचसे काम क्ष-किरणांकडून ध्वनीकडे आले होते. या दोन विद्यांचे उगम अगदी वेगळे आहेत. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने १९२९ साली स्वतःच्याच दंडातील शिरेतून नळी हृदयात सरकवली. दुसरीकडे, स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतील अदृश्य भेगा शोधणारे यंत्र हृदयाकडे वळविले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथमच नोंदविले. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या लहरी ऊतींवर आदळून परततात आणि परतीच्या वेळेवरून अंतर कळते, हे तत्त्व आज ‘इको’ या दोन अक्षरांत घरोघरी पोहोचले आहे.

सुमारे तीन दशके या दोन वाटा समांतर राहिल्या. विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली फिलाडेल्फियात एक धाडसी उपाय मांडला. ज्या अर्भकांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन महावाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, त्यांच्यात शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळण्यास वाव मिळाला नाही तर मूल जगत नाही. म्हणून टोकाला फुगा असलेले कॅथेटर डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, नेऊन व फुगवून ते झटक्याने मागे ओढायचे आणि दोन अलिंदांमधला पडदा फाडायचा. ही कृती क्ष-किरणांखाली होई, आणि क्ष-किरणांना धातू दिसतो, औषध टोचले तर रक्ताची वाट दिसते, पण पातळ पडदा दिसत नाही. १९८२ साली लंडनमधील लिंडसे ॲलन आणि सहकाऱ्यांनी हीच कृती द्विमितीय इकोच्या देखरेखीखाली केल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे फुगा नेमका कोठे आहे आणि पडदा खरोखर फाटला की नाही, हे त्याच क्षणी पाहता येऊ लागले. निळसर पडलेल्या नवजाताला कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांखाली कॅथेटरचे उपचार करण्याच्या कक्षात, न हलविता, आहे त्याच खाटेवर हा उपचार करण्याची वाट त्यातूनच मोकळी झाली. या क्षेत्रातील खरे वळण कोणते असेल, तर ते हेच.

अलिंदांमधील छिद्र, ज्याला एएसडी म्हणतात, ते बंद करण्याचा प्रसंग या विद्येचे मर्म सर्वाधिक स्पष्ट करतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात किंग आणि मिल्स यांनी हे छिद्र कॅथेटरद्वारे प्रथम बुजविले. परंतु हा उपचार सर्वत्र रुजला तो कर्ट अँप्लाट्झ यांच्या ‘छत्री’मुळे, जिचा माणसांवरील वापर १९९५ साली सुरू झाला. निकेल आणि टायटॅनियमच्या, मूळ आकार परत धारण करणाऱ्या मिश्रधातूच्या तारेतून विणलेल्या दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी आखूड कंबर, अशी तिची रचना असते. मूल भुलीखाली असताना अन्ननलिकेत उतरविलेला इकोचा प्रोब हृदयाच्या अगदी पाठीमागून पाहतो. अगदी लहान बाळांत बरगड्यांखालून ठेवलेला साधा प्रोबही अनेकदा पुरतो. छिद्राभोवती पडद्याचा काठ किती उरला आहे, हे प्रत्येक बाजूने मोजले जाते, आणि तो पाच मिलिमीटरहून कमी असल्यास अपुरा समजला जातो. डावी चकती डाव्या अलिंदात उघडून पडद्याला टेकविली जाते, मग उजवी सोडली जाते, आणि नंतरचे काही क्षण निर्णायक असतात: पडद्याचे काठ दोन्ही चकत्यांच्या मध्येच आले आहेत का, जवळची झडप मोकळेपणाने हलते का, रक्ताचा प्रवाह रंगांत दाखविणाऱ्या डॉप्लर इकोमध्ये रक्ताचा झोत अजून कोठून निसटतो का, हे सारे पाहून, जिच्या टोकाला छत्री आट्याने बसविलेली असते ती केबल ओढून-ढकलून छत्री जागची हलत नाही याची खात्री केली जाते. केबलचा आटा सोडेपर्यंत छत्री सहज परत घेता येते. सोडल्यावर ती निसटली, तर मूल थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ शकते. त्या क्षणी निर्णयाचा मुख्य आधार इकोचे चित्र असते.

मोठ्या छिद्रांत डावी चकती वारंवार उजवीकडे घसरते. मुंबईचे डॉ. भरत दळवी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्यावर फुग्याचा आधार देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती पुढे अन्यत्रही वापरली गेली. भारतात छिद्रे उशिरा सापडतात आणि म्हणून मोठी झालेली असतात, हे लक्षात घेता अशी पद्धत येथे घडावी, यात नवल नाही.

उशिराचा हाच प्रश्न छत्तीसगडात आजही कळीचा आहे. राज्याने बालहृदय सुरक्षा योजना आखली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येथे ‘चिरायु’ नावाने अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. स्टेथोस्कोपला ऐकू आलेली सरसर खरोखर दोषाची आहे की निरुपद्रवी, हे मात्र इकोशिवाय ठरत नाही, आणि राज्याच्या दक्षिण टोकाच्या सुकम्यापासून रायपूर सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. एएसडी असलेले मूल वर्षानुवर्षे धडधाकट दिसते. पण छिद्रामुळे फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढू शकतो, आणि तसे झाल्यावर छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. कॅथलॅब राजधानीत असणे समजण्यासारखे आहे. परंतु बस्तर, सरगुजा आणि सीमेपलीकडील गडचिरोली येथील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बालकांचा इको करणारा प्रशिक्षित हात असणे ही आता सवलत नव्हे, पहिली गरज मानली गेली पाहिजे.