घरात ऑक्सिजन लावलाय? पावसाळ्याआधी हा हिशेब करून ठेवा

अणशी (ता. जोयडा) : काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातलं हे गाव. पावसाळ्यात घाटात दरड आली की कारवारचा रस्ता अडतो, तारेवर झाड पडलं की लाईट जाते. अशा ठिकाणी सीओपीडीच्या किंवा फुफ्फुसाच्या जुन्या आजाराच्या रुग्णाला डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लिहून दिला, तर यंत्र आणून लावलं म्हणजे काम झालं असं होत नाही. चंदगड, खानापूर, सत्तरीकडच्या वाचकांनाही हे लागू आहे.

पहिली गोष्ट, ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला डोस असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीने मिनिटाला २ लिटर दिला तर ते प्रमाण अंदाजे २८ टक्क्यांवर जातं. बहुतेक मोठ्या माणसांत ऑक्सिमीटरवर ९४ ते ९८ आकडा ठेवायचा असतो. पण सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य देतात. इथेच घरच्यांची चूक होते. आजीचा आकडा ९० दिसला की जीव राहत नाही, कोणीतरी नॉब २ वरून ५ वर नेतं. आकडा ९८ होतो, सगळे खूश. पण अशा फुफ्फुसात जास्त ऑक्सिजन गेला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं, हात थरथरतात. 'आजी शांत झोपली' असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती बेशुद्धीकडे चाललेली असते.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तीन आकडे लिहूनच घ्या: मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, आणि ऑक्सिमीटरवर कुठून कुठपर्यंत चालेल. कायमचा ऑक्सिजन लागणाऱ्यांना साधारणपणे दिवसाला किमान १५ तास सांगतात. कागद कन्नडमध्ये असला तर तिथल्या नर्सबाईंकडूनच समजून घ्या, घरी येऊन अंदाज नको. ऑक्सिमीटरही फसवतो. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असली, हात गार पडले असले तर आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतो. ओठ निळसर दिसत असतील तर मशीनपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

आता हिशेब. मी कॉमर्सवाला, मला हीच भाषा जमते. घरगुती कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन बाजूला काढून साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन देतो, पण लाईट असेपर्यंतच. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचची चांगली बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर ते जेमतेम चार तास चालेल, बॅटरी जुनी असली तर त्याहून कमी. म्हणजे सिलिंडर जोडीला हवाच. छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. २ लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. ५ लिटरने फक्त पाच तास. मोठ्या डी-टाइपमध्ये ७००० लिटर, २ लिटरने ५८ तास. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण १५० वर असतो. तो ७५ वर आला की अर्धा माल संपला, हे सोपं गणित. रिकामा व्हायची वाट बघू नका. आपल्याला भरून आणायला किती तास लागतील आणि रस्ता बंद असेल तर किती, तेवढे तास शिल्लक असतानाच माणूस पाठवा.

पुरवठा तुटला की काय होतं ते आपण बघितलंय. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि थोड्या वेळासाठी खंडित झालेल्या पुरवठ्यात २२ हून अधिक रुग्ण दगावले. पुढच्याच महिन्यात बांबोळीच्या गोमेकॉत पहाटेच्या वेळी कमी पडणाऱ्या ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. तिथे निदान डॉक्टर तरी जवळ होते.

आगीचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे चूल पेटलेली असते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसरं काहीही भराभर जाळतो. पांघरूण, साडी, उशी यांत तो मुरून राहतो, नळी काढल्यावरही काही वेळ. त्यामुळे चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती, मच्छरची कॉइल रुग्णापासून निदान दहा फूट लांब. विडी तर त्या खोलीत नकोच. नळी काढल्यावर वीसेक मिनिटं खिडकी उघडी ठेवून मगच चुलीपाशी जायला सांगा. रेग्युलेटर घट्ट झाला म्हणून त्याला तेल-ग्रीस लावायचं नाही, जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल भडका घेतं. नाक कोरडं पडलं तर खोबरेल किंवा व्हॅसलीनही नको. पाण्याचा आधार असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधून ठेवा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, तोंड समोर न ठेवता.

बाटलीत डिस्टिल्ड पाणीच, खुणेपर्यंत, रोज बदलून; विहिरीचं किंवा नळाचं नाही. मशीन भिंतीपासून फूटभर पुढे. फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. जूनमध्ये तो वाळता वाळत नाही, म्हणून एक जादा घेऊन ठेवा.

ठरवून दिलेल्या लिटरवरही आकडा लक्ष्याच्या खाली राहिला, रुग्ण एक वाक्य पुरं बोलू शकत नसेल किंवा गुंगीत जात असेल, तर १०८ ला फोन करा. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र, तिन्हीकडे हाच नंबर. सीमेवर फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगा, मग आजार आणि किती लिटर चालू आहे ते. गाडी येईपर्यंत रुग्णाला उशांना टेकवून बसतं ठेवा.