तगर, तेर आणि नकाशावाचन

रेखावृत्तं शिकवायला घेतली की वर्गातलं एखादं हुशार लेकरू हमखास विचारतं, शून्य रेखावृत्त ग्रिनिचमधूनच का जातं? उत्तर सोपं आहे. 1884 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, तेव्हा जगातली बहुतेक जहाजं ब्रिटिश तक्तेच वापरत होती, म्हणून तसं ठरलं. धाराशिव जिल्ह्यातल्या शिक्षकाला मात्र यापुढे आणखी एक गोष्ट सांगता येते. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांतली मध्यरेखा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांना जोडणारी. उज्जैन साधारण 75 अंश 46 मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. तिथून पट्टी सरळ खाली आणली की ती भूम आणि कळंब यांच्या मधून, वाशीच्या परिसरातून जाते. म्हणजे जुन्या गणितापुरतं बघितलं तर जगाचं शून्य आपल्या जिल्ह्यात! अभिमानानं छाती फुगवण्यासारखं यात काही नाही, कारण शून्य कुठं धरायचं हा शेवटी मान्यतेचा प्रश्न. लेकरांना तेवढं पटलं तरी धडा अर्धा झाला.

याच ज्योतिषानं दिशा काढायची जी रीत दिली ती होकायंत्राहून जुनी आहे आणि शाळेच्या मैदानावर आजही चालते. जमीन झाडून सपाट करायची, मधोमध काठी उभी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ आखायचं. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवून आत शिरतं, तिथं खडा ठेवायचा. दुपारनंतर ते टोक पुन्हा वर्तुळाबाहेर पडतं, तिथं दुसरा. दोन खडे जोडणारी रेघ म्हणजे पश्चिम-पूर्व. या काठीला शंकू म्हणतात. वर्षभराची सरासरी धरली तर धाराशिवला सूर्य माथ्याशी येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सव्वीस मिनिटं झालेली असतात, कारण घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर. काठीची सावली नाहीशी होण्याचे दिवस इथं मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात. एका वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळ. भूगोलाच्या मास्तरांचं नशीब!

जिल्ह्यातलं एखादं गाव नकाशावर पहिल्यांदा कधी आलं, ही खरी मोठी कथा आहे आणि ती तेरची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ते पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखलं जातं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर, असं तो सांगतो. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायची. पुढे दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं आपल्या भूगोलग्रंथात गावांना अक्षांश-रेखांश दिले, त्या यादीतही तगर आहे. आज वर्गात शिकवतो ती अंशांची पद्धत तेव्हा आपल्या जिल्ह्यापर्यंत पोचलेली होती.

ते अंश मात्र चुकीचे होते. प्रवाशांनी सांगितलेल्या दिवसांच्या हिशेबावरून काढलेले आकडे ते, चुकणारच. टॉलेमीच्या नकाशात हिंदुस्थानचं द्वीपकल्प जवळपास दिसतच नाही. पश्चिम किनारा दक्षिणेला उतरायचा सोडून पूर्वेकडे आडवा पडलाय आणि श्रीलंका अवाढव्य झालीय. पुढे तगर हे नावच वापरातून गेलं. शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत राहिले, म्हणून ते ताम्रपटांत तेवढं उरलं. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी हे शहर शोधायला घेतलं तेव्हा कुणी दौलताबाद म्हटलं, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, डॉ. रा. गो. भांडारकरांची नजर धारूरवर गेली. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि ते मान्य झालं. पुढे तेरला सातवाहनकाळाचे भरपूर अवशेष मिळाले. हस्तिदंती बाहुली, मातीच्या मूर्ती, मणी हे सगळं तिथल्या लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतं. तेरला लोक एरवी संत गोरोबाकाकांच्या समाधीला जातात, पण शाळेची सहल संग्रहालयातही न्यावी.

फ्लीटच्या आधीची ही सगळी भांडणं सहावीचा वर्ग एका तासात तपासू शकतो. लागतो फक्त शाळेतला ॲटलास आणि पट्टी. आधी भडोच ते पैठण मोजा. सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. त्याचे वीस दिवस, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. मग दहा दिवसांत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर व्हायला हवेत. आता एकेक गाव घ्या. दौलताबाद पैठणपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि तेही उत्तरेला, म्हणजे अंतरही बसत नाही आणि दिशाही. जुन्नरचं अंतर बरोबर बसतं, पण ते पैठणच्या पश्चिमेला आहे, साफ उलट. धारूर आग्नेयेला आहे खरं, पण शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे संपतं. तेर दीडशेला येतं.

पण तेरही काही पैठणच्या पूर्वेला नाही. शब्दशः पूर्वेला दीडशे किलोमीटर गेलं तर आपण परभणी-जिंतूरकडे पोचतो. तेर आहे आग्नेयेला, त्यातही दक्षिणेकडे झुकलेलं. आणि गंमत म्हणजे ज्याला पेरिप्लस दक्षिण म्हणतो ते भडोच-पैठणही प्रत्यक्षात आग्नेयच आहे. सांगणाऱ्यानं उपदिशा सोडून दिल्या, एकदा दक्षिण म्हटलं, एकदा पूर्व. गाडीवानाला दिवस मोजता येतात, वळणावळणाच्या वाटेवर दिशा धरून ठेवणं अवघड. माझ्या मते नकाशावाचनाचं मूळ इथं आहे. दिशा, अंतर आणि खूण या तिघांना एकमेकांसमोर उभं करून साक्ष काढायची, एकट्या कुणावर भरवसा ठेवायचा नाही. परीक्षेत ‘नकाशा आराखड्यात दाखवा’ म्हटलं की मुलं नुसत्या पाठ केलेल्या जागी ठिपका देतात, त्यात ही साक्ष कुठंच येत नाही.

खऱ्या मोजणीची पाळी पुढे आली. विल्यम लॅम्टननं 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. एक बाजू, म्हणजे पायारेषा, साखळीनं मोजायची आणि पुढचे त्रिकोण नुसत्या कोनांवरून सोडवत जायचं. त्यासाठीचं कोनमापक यंत्र अर्ध्या टनाचं होतं. त्यातली एक पायारेषा 1815 मध्ये आपल्या शेजारच्या बीदरजवळ मोजली गेली. लॅम्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे.

गावातली मोजणी याहून धाकटी पण जास्त भांडखोर. शेत मोजायची शंकूसाखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मुंबई इलाख्यात ही मोजणी-आकारणीची पद्धत 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली आणि निजामाच्या मराठवाड्यातही पुढे तिचंच वळण घेतलं गेलं. कितीतरी गावनकाशांवर अजून एक इंच म्हणजे 660 फूट, अर्थात वीस साखळ्या, हेच प्रमाण असतं. प्रमाण शिकवायला जगाचा नकाशा कशाला हवा? तलाठ्याकडचा गावनकाशा आणावा. आपल्या शेताचा धुरा कुठं येतो हे शोधताना एकही लेकरू जांभया देत नाही.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक नकाशांच्या जुन्या मालिकेत आपला जिल्हा दोन मोठ्या पत्रकांत फाटलाय. 76 अंश रेखांश धाराशिव शहराच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवरून जातो आणि तिथंच 47 क्रमांकाचं पत्रक संपून 56 सुरू होतं. परंडा आणि भूम एका पत्रकात, धाराशिव आणि तेर दुसऱ्यात. 18 अंश अक्षांश तुळजापूरला जवळजवळ घासूनच जातो. हे नकाशे 1:50,000 प्रमाणाचे, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बारमाही पाणी निळं, पावसाळ्यापुरतं वाहणारे ओढे काळे. आपल्याकडच्या पत्रकांवर काळ्या रेघांचं जाळं दाट आहे. त्याचं कारण मुलांना सांगावं लागत नाही.

पत्रक हाती घेतल्यावर आधी छपाईचं साल बघावं. 16 ऑगस्ट 1982 च्या आधीच्या नकाशात लातूर जिल्हा उस्मानाबादच्या पोटात सापडतो, 2023 च्या आधीच्या नकाशात जिल्ह्याला धाराशिव नाही, उस्मानाबाद म्हटलेलं असतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीआधीचा असेल तर जिल्हाच नळदुर्गचा.

मग पेन्सिल घ्यायची. बालाघाटाच्या तपकिरी समोच्च रेषांवरून तेरणा आणि बोरी यांच्या मधला उंचवटा शोधायचा आणि एकही ओढा न ओलांडता त्यावरून रेघ ओढत जायचं. रेघेच्या उत्तरेला पडलेलं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतं. दक्षिणेचं बोरीतून, नळदुर्गच्या पाणीमहालावरून, भीमेत आणि मग कृष्णेत. ही रेघ आपल्या गावाच्या कोणत्या अंगाला येते, हे प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं.