फ्लोर, हॅरल्ड हेन्री
फ्लोर, हॅरल्ड हेन्री : (१९००–१९९१). अमेरिकन वनस्पतिरोगवैज्ञानिक. अळशीवरील (जवसावरील) तांबेरा रोगाच्या आनुवंशिकीविषयीच्या संशोधनाकरिता प्रसिद्ध. वनस्पतीची रोगप्रतिकारक्षमता ही केवळ तिच्या स्वतःच्या जीनांवर (आनुवंशिक घटकांवर) अवलंबून नसून रोगकारकातील तदनुरूप जीनांवरही अवलंबून असते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. हा सिद्धांत ‘जीनास जीन’ संकल्पना म्हणून ओळखला जातो.

रोगप्रतिकार हे लक्षण मेंडेल यांच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, हे रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये केंब्रिज येथे गव्हावरील पिवळ्या तांबेऱ्याच्या अभ्यासातून दाखविले होते. त्यानंतर संकराने प्रतिकारक्षम वाण तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. तथापि असे वाण अनेकदा काही वर्षांतच रोगास बळी पडत. अमेरिकेत नावाजलेला ‘सेरेस’ हा गव्हाचा वाण १९३५ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या साथीत सापडला. एकाच कवकाचे (बुरशीचे) अनेक वंश असतात व ते कोणत्या वाणांवर रोग पाडतात त्यावरून ओळखता येतात, हे ई. सी. स्टेकमन यांच्या संशोधनामुळे माहीत झाले होते. परंतु वनस्पतीचा प्रतिकार आणि कवकाची रोगकारकता यांचा आनुवंशिक संबंध कोणता, याचा उलगडा झालेला नव्हता.

फ्लोर यांचे शिक्षण मिनेसोटा विद्यापीठात झाले व त्यांचे प्रमुख संशोधन नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे झाले. अळशीवरील तांबेऱ्याचे कवक (मेलँप्सोरा लिनी) आपले संपूर्ण जीवनचक्र अळशीवरच पुरे करते. त्यामुळे त्याच्या दोन वंशांचा संकर करणे आणि त्यापासून मिळालेल्या प्रत्येक संवर्धाची अनेक वाणांवर चाचणी घेणे शक्य होते. अळशी स्वपरागित असल्याने तिचे शुद्ध वाणही सहज उपलब्ध होते. आश्रय वनस्पती व जीवोपजीवी या दोहोंच्या आनुवंशिकतेचा एकाच वेळी अभ्यास करणे, हे फ्लोर यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

‘ओटावा’ आणि मुंबईचे जुने इंग्रजी नाव धारण करणारा ‘बॉम्बे’ या दोन वाणांवरील त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. वंश २२ व वंश २४ यांपैकी एक केवळ ‘ओटावा’वर, तर दुसरा केवळ ‘बॉम्बे’वर रोग पाडीत असे. त्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील १३३ संवर्धांपैकी ७८ संवर्ध दोन्ही वाणांवर निष्प्रभ ठरले, २७ व २३ संवर्धांनी एकेका वाणावर, तर केवळ ५ संवर्धांनी दोन्हींवर रोग पाडला. दोन्ही वाणांच्या संकरापासून मिळालेल्या दुसऱ्या पिढीतील १९४ झाडांतही ११०, ३२, ४३ व ९ अशी विभागणी आढळली. ही दोन्ही गुणोत्तरे ९ : ३ : ३ : १ या मेंडेलीय गुणोत्तराच्या जवळपास आहेत. यावरून वनस्पतीत प्रतिकार हे लक्षण प्रभावी, तर कवकात रोगकारकता अप्रभावी असल्याचे दिसून आले. वनस्पतीतील प्रतिकाराच्या प्रत्येक जीनाशी कवकातील एक विशिष्ट जीन निगडित असतो, हा निष्कर्ष फ्लोर यांनी १९४० नंतरच्या दशकातील आणि १९५५–५६ मधील लेखांत मांडला.

एकाच जीनावर आधारलेला प्रतिकार अल्पजीवी का ठरतो, याचेही स्पष्टीकरण यातून मिळाले. वनस्पतीस कवकाची ओळख पटविणारा जीन उत्परिवर्तनाने (आकस्मिक बदलाने) बदलला वा निकामी झाला, की प्रतिकाराचा जीन कायम असूनही निरुपयोगी ठरतो. व तो वाण सर्वत्र पेरलेला असल्यास नवा वंश झपाट्याने पसरतो. म्हणून प्रतिकाराचे अनेक जीन एकत्र आणण्याच्या पद्धतीस महत्त्व आले.

रोगकारकातील असा पहिला जीन १९८४ मध्ये सोयाबीनवरील एका सूक्ष्मजंतूपासून अलग करण्यात आला. अळशीतील प्रतिकाराचा एक जीन १९९५ मध्ये, तर त्याच्या जोडीचा कवकातील जीन २००४ मध्ये वेगळा केला गेला. या दोहोंपासून बनणारी प्रथिने परस्परांशी प्रत्यक्ष जोडली जातात, हे २००६ मध्ये दिसून आले. सर्वच जोड्यांत असा प्रत्यक्ष संबंध येत नाही. तसेच अनेक जीनांवर आधारलेला आंशिक प्रतिकार या सोप्या नियमात बसत नाही. तथापि वनस्पतींच्या प्रतिकारक्षमतेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया फ्लोर यांच्या कार्यानेच घातला गेला.