शय्याव्रण : एक संज्ञा आणि तिचे मापन
'डेक्युबिटस' ही वैद्यकातील जुनी संज्ञा 'आडवे पडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आली. मराठी 'शय्याव्रण' हा शब्दही व्रणाचे कारण शय्येतच पाहतो. मापनाची आरंभीची साधने याच कल्पनेतून घडली. इंग्लंडमध्ये १९६२ साली डोरीन नॉर्टन यांनी प्रसिद्ध केलेली श्रेणी वृद्ध रुग्णांसाठी होती. अमेरिकेतील १९८७ ची ब्रेडन श्रेणी प्रौढांसाठी.

अत्यवस्थ बालकाची स्थिती निराळी. तान्ह्या मुलाचे मस्तक शरीराच्या मानाने जड असल्याने दाब मुख्यतः डोक्याच्या मागील भागावर येतो. १९९६ मध्ये क्विग्ली व कर्ली यांनी ब्रेडन श्रेणीच्या सहा घटकांना ऊतींच्या रक्तप्राणवायूपुरवठ्याचा सातवा घटक जोडून 'ब्रेडन क्यू' श्रेणी रचली. तथापि श्वासासाठी लावलेल्या नळ्या व मुखवटे यांच्या दाबाने होणारी इजा तिच्या कक्षेबाहेरच राहिली. २०१६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 'दाबजन्य व्रण' सोडून 'दाबजन्य इजा' ही संज्ञा स्वीकारली; २०१८ च्या 'ब्रेडन क्यूडी' श्रेणीत उपकरणांची गणनाही समाविष्ट झाली.

शय्येकडे बोट दाखविणारे नाव नाकावरील नळीकडे लक्ष वेधीत नाही. वेदना सांगू न शकणाऱ्या बालकाच्या बाबतीत ही केवळ शब्दचर्चा उरत नाही.